मुंजाबा जेवायला बसतो

रविवारच्या जेवणावर आप्पासाहेबांचं सगळं पुढचं ठरणार होतं, आणि सोमनाथला त्यातही खोडी सुचली. त्याला सुचली नाय असा एक दिवस दाखवा. पन्नाशी उलटली, डोक्यावरचं निम्मं रान उजाड झालं, तरी छावणीच्या बाजारात कुणाच्या स्कूटरचा हॉर्न बकरीसारखा ओरडला की लोक आधी त्याच्याच दुकानाकडं बघायचे.

भावाभावांत ठरलं होतं ते असं. थोरला बद्रीनाथ उन्हाळ्यापासून म्हणत होता, आप्पांचं डोकं आता जाग्यावर नाय. फोनवर भलतंच बोलतात. एकदा तर त्यालाच विचारलं, कोण बोलतंय म्हणून. एवढ्या मोठ्या कोठीत दोन म्हातारे, एक मालक आणि एक बटलर. एखादा न्हाणीत घसरला तर दुसरा त्याला उचलणार कसा? कोठीला कुलूप घालायचं आणि आप्पांना सिडकोतल्या फ्लॅटवर न्यायचं, असा त्याचा हिशोब. सोमनाथ म्हणायचा, काय नाय झालेलं. मी दर आठवड्याला जातो, दारातून आत पाय टाकला की आप्पा नावानं हाक मारतात. शेवटी तोडगा निघाला. रविवारी सगळ्यांनी कोठीत जेवायचं. आप्पांनी घरची माणसं ओळखली, धड बोलले, तर बद्रीनाथ पुन्हा तोंड उघडणार नाय. नायतर त्याच दिवशी त्यांची बॅग भरायची.

बद्रीनाथला खलनायक समजू नका. चितेगावच्या कारखान्यात मॅनेजर, बीपीची गोळी खिशात, अवेळी फोन वाजला की याच्या छातीत धस्स होणार. बापाला डोळ्यांसमोर ठेवावं एवढंच त्याला कळत होतं. फक्त त्याला कळलं की ते सगळ्यांना पटलंच पाहिजे, एवढीच त्याची खोड.

आता मुंजाबाचं. तांगड्यांच्या, म्हणजे आप्पासाहेबांच्या घरात कुठलंही लग्न असो, कोठीत बटलर कसा आला हा किस्सा निघतोच. ही कोठी आधी एका गोऱ्या मेजरची. त्यानं विलायतेहून येताना स्वतःचा बटलर आणला होता, खराखुरा, उंच, बांबूसारखा ताठ. त्या बटलरला एक दिवस फाटकापाशी कडुबा दिसला, मेंढरं घेऊन चाललेला धनगराचा पोरगा. पाव्हण्यांची मोटार आली तसं त्यानं अख्खं खांड हूं की चूं न करता रस्त्याकडंला उभं केलं आणि स्वतः मान खाली घालून थांबला. बटलर म्हणला, हा माझा. मेंढरं भावाकडं गेली, कडुबा आत आला. पुढं इंग्रज गेला, त्याचा बटलरही गेला, आणि तांगड्यांनी कोठी विकत घेतली तेव्हा पांढऱ्या कोटातला कडुबा दारात उभा होताच. आप्पासाहेबांचे वडील म्हणायचे, हा फर्निचरबरोबर आला. कडुबा म्हणायचा, मी इथलाच हाय, नवीन तर तुमी आलाव.

मुंजाबा त्या कडुबाचा मुलगा. सत्तरी गाठलेला. सुट्टीत मेंढरांच्या वाड्यावर गेला की घोंगडी पांघरून मेंढरांना शिव्या देणारा माणूस, पण कोठीच्या दारात उभा राहिला की वेगळाच. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा कोट, हातात पांढरे मोजे. मे महिन्यात छावणीचं डांबर वितळतं तेव्हाही. नान आणि मटणाचा खलिया बाजारातल्या देगीतून आणायचा, पण वाढायचा डाव्या बाजूनं, चांदीच्या भांड्यातून, रश्श्याचा एक थेंब कापडावर न सांडता. आणि कुणीही आलं की आधी दारात थांबवून नाव विचारणार, मग आत जाऊन सांगणार. सख्ख्या पोरांनाही. सोमनाथ बाजारात त्याची नक्कल करायचा आणि चहावाले फुकट चहा पाजायचे.

कडुबानं पोराला दिलेला कायदा एकच होता. दारात माणूस जे नाव सांगल तेच आत पोचवायचं. आपली अक्कल त्यात मिसळायची नाय.

ह्याच कायद्यावर सोमनाथचा डोळा. त्यानं बाजारातला रामप्रसाद गाठला. हा लग्नाच्या बँडमध्ये ढोल वाजवतो आणि सोंगं करतो. हा लंगोटीत होता तेव्हापासून आप्पासाहेब ह्याला ओळखतात. त्याला मोठा पटका बांधला, बोकडाच्या केसांच्या मिशा चिकटवल्या आणि सांगितलं, दारात नाव सांगायचं पुंजाराममामा, चितेगाव. पुंजाराम म्हणजे आप्पासाहेबांचा मेव्हणा, बांधावरून भांडून गेला तो पुन्हा कोठीची पायरी चढला नाय. मुंजाबा दगडी चेहऱ्यानं आत जाऊन सांगणार, पुंजाराममामा आलेत. आप्पा बघणार, मिशा गळणार, हशा होणार. जेवणाआधी घरातला ताण उतरेल आणि आप्पा कसे हजरजबाबी आहेत तेही बद्रीला दिसेल. एका खोडीत दोन कामं.

सगळे जमले. बद्रीनाथ, त्याची बायको द्वारकाबाई, पुण्याहून आलेली त्यांची लेक मोनिका. मुंजाबानं एकेकाला दारात थांबवून आत सांगितलं आणि आप्पासाहेबांनी खुर्चीतून एकेकाचं नावानं स्वागत केलं. बद्री, बस. सूनबाई, गुडघा कसाय. मोनिका, वाळली गं तू. सोमनाथनं भावाकडं भुवया उडवून बघितलं.

मग रामप्रसाद आला.

दारात मुंजाबानं त्याच्या मिशा बघितल्या. पटका बघितला. रामप्रसादनं हसू दाबत नाव सांगितलं. मुंजाबा हलला नाय. आतून पडद्याआडून बघणाऱ्या सोमनाथला वाटलं, म्हातारा उभ्या उभ्या झोपला का काय. मुंजाबाच्या मनात काय चाललं होतं ते त्याच्या तोंडावर कधीच दिसलं नसतं, पण मोज्यातली बोटं एकदा मिटली आणि उघडली. बापानं घालून दिलेली एकच गोष्ट, आणि ती त्यानं जन्मात मोडली नव्हती. तो वळला, आत गेला, आप्पासाहेबांच्या उजव्या खांद्यामागं उभा राहिला आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाला,

"साहेब, बाजारातला रामप्रसाद आलाय. सोमनाथदादांनी तुम्हाला हसवायला सोंग देऊन आणलाय."

आप्पासाहेब खो खो हसले. "ये रं सोंगाड्या. मिशी कुणाच्या बोकडाची कापली?"

सगळेच हसले. मिशा गळाल्या, रामप्रसादनं मुजरा केला, मिठाईचा पुडा घेऊन गेला. हसला नाय तो एकटा सोमनाथ. खोडी करणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की कळते, समोरचा कधी खेळतोय आणि कधी घाबरलाय. मुंजाबानं आजवर त्याच्या सगळ्या खोड्या निमूट सोसल्या होत्या. मिठाच्या जागी साखर, कोटाच्या खिशात बेडूक. कधी चहाडी केली नाय. आणि आज बापाचा कायदा मोडून चहाडी केली. का?

तो मुदपाकखान्यात गेला. मुंजाबा खलिया चांदीच्या भांड्यात काढत होता. सोमनाथनं विचारलं, नाव का सांगितलं नाय. मुंजाबा म्हणाला, चुकलंच. सोमनाथ म्हणाला, तू चुकत नसतोस. आणि मग त्याच्या डोक्यात एकेक खिळा बसत गेला. अलीकडं हा आणखी एक चाळा करायचा. वाढताना आप्पांच्या कानाशी वाकून परवानगी मागायचा, मोनिकाताईंना वाढू का साहेब, द्वारकावैनींना वाढू का साहेब. सगळे म्हणायचे, म्हातारपणी इंग्रजीपणा वाढला.

"मुंजाबाकाका," सोमनाथ म्हणाला, आणि काका तो क्वचितच म्हणायचा, "आप्पांना आम्ही ओळखू येत नाय. व्हय ना?"

मुंजाबानं डाव खाली ठेवला.

"आवाज वळखतात कवा कवा," तो म्हणाला. "तोंड नाय. माझं बी नाय. कोट वळखतात. पुंजाराममामा आलेत म्हणलो असतो तर त्या सोंगालाच मामा समजून जेवायला बसवलं असतं त्यांनी."

सोमनाथ पोत्यावर बसला. दर आठवड्याला येऊन बापाच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकून खूश होऊन जाणारा माणूस तो. ते नाव आधी मुंजाबानं आत पोचवलेलं असायचं.

मुंजाबानं थोडक्यात सांगितलं. डॉक्टरला कवाच दाखवलंय, गोळ्या चालू आहेत. डॉक्टर म्हणाला, पाण्यातला मासा हाय, ह्या घरात हाय तवर पोहतोय, जागा बदलली की गेला. न्हाणीचं दार कुठं, खुर्ची कुठं, तुळस कुठं, हे पायांना ठाऊक हाय. आणि हे लपवायचं मुंजाबानं ठरवलं नव्हतं. आप्पासाहेबांनीच ठरवलं, डोकं बरंचसं शाबूत होतं तेव्हा. आरशात बघून त्यांनी मुंजाबाला विचारलं होतं, हा म्हातारा कोण. मग स्वतःच समजले, आणि खुर्चीत बसून म्हणाले.

"काय म्हणाले?"

"म्हणले, मुंजाबा, मी लेकरांना वळखणार नाय तो दिवस येणारच. पर लेकरांना ते कळू देऊ नगंस. बाप वळखंना गेला तर लेकराला लई लागतं."

बाहेरून द्वारकाबाईची हाक आली, भुका लागल्यात म्हणून. मुंजाबानं भांडं उचललं आणि ताठ चालत गेला. सोमनाथ मागं तसाच बसून राहिला. इतकी वर्षं ज्याची नक्कल केली त्याच्यासारखं एक पाऊलसुद्धा आपल्याला टाकता येणार नाय, असं त्याला वाटलं. ह्या माणसानं घरभर सगळ्यांच्या देखत रोज लपवलं आणि कुणाला वास लागला नाय. आणि आपण स्वतःला खोड्यांचा उस्ताद समजतो.

आता मोनिकाचं ऐका, कारण पुढचं सगळं तिच्या चांगुलपणानं झालं. लहानपणापासून ती टेबलावर जेवायची आणि मुंजाबाआजोबा मागं उभे असायचे. तेव्हा काही वाटलं नाय. पुण्याला ऑफिसात राहून, चार लोकांत मिसळून, आता घास अडकायला लागला होता. सत्तरीचा माणूस उभा आणि आपण बसून खलिया ओरपतोय. तिनं उठून एक ताट वाढलं, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मांडलं, खुर्ची ओढली.

"आजोबा, आज तुम्ही आमच्याबरोबर जेवायचं. वाढायचं आमचं आम्ही बघू."

मुंजाबा म्हणाला, मी मागनं जेवतो ताई. ती ऐकेना. बद्रीनाथलाही पटलं, तो म्हणाला बसा की, एक दिवस. त्याच्या मनात कपट नव्हतं, पण म्हातारा कानाशी कुजबुजतो ती कटकट आज तरी बंद होईल, एवढं मनात आलंच. मुंजाबानं पुन्हा मान हलवली. तेव्हा आप्पासाहेबच बोलले. यजमान माणूस, दारात कुणी उपाशी उभं राहिलेलं त्यांना कधी खपलं नाय.

"बस, बाबा. जेव आमच्यासंगं."

आता मालकाचाच हुकूम. ज्याच्यासाठी उभं राहायचं त्यानंच बसायला सांगितलं. मुंजाबानं मोजे काढले, घडी घालून खुर्चीच्या पाठीवर ठेवले आणि टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला बसला. कोठीत पहिल्यांदाच. आप्पासाहेबांचा उजवा खांदा मोकळा पडला.

सोमनाथ आला तेव्हा हे झालेलं होतं.

आप्पासाहेब ताटाकडं बघत होते. मोनिकानं काही विचारलं, त्यांनी मान वर करून हसून तिच्याकडं बघितलं, आणि मागं वळले. मागं कुणी नव्हतं. पुन्हा वळले. बद्रीनाथनं ते बघितलं.

सोमनाथनं खुर्चीवरचे मोजे उचलले आणि हातात चढवले. पोट आत घेतलं, मान ताठ केली, खलियाचं भांडं घेतलं आणि मुंजाबाच्या चालीत टेबलाला वळसा घालून आप्पांच्या उजव्या खांद्यामागं वाकला.

"साहेब, मोनिकाताईंना वाढू का? बद्रीदादांच्या लेक. पुण्याच्या."

मोनिका खुदकन हसली. द्वारकाबाईनं तोंडावर पदर घेतला. सोम्याचं सोंग सुरू झालं, असंच सगळ्यांना वाटलं.

"वाढ की," आप्पासाहेब म्हणाले. मग मोनिकाकडं वळून, "पुण्यात भाकरी मिळती का गं तुला?"

सोमनाथनं वाढलं. डाव्या बाजूनं. मोज्यावर रस्सा सांडला, कापडावरही. मुंजाबा दुसऱ्या टोकाला घास हातात धरून बसला होता. त्याला सोमनाथचा हात चुकीचा दिसत होता, वाकणं चुकीचं, भांडं धरणंही चुकीचं, आणि त्यानं नजर खाली ताटाकडं वळवली. ताटातला खलिया त्याला दिसेनासा झाला होता.

बद्रीनाथ मात्र हसत नव्हता. तो म्हणाला, सोम्या, पुरे झाला तमाशा, बस खाली. सोमनाथ बसेना. मग बद्रीनाथनं पाण्याचा पेला बाजूला सारला आणि सरळ विचारलं.

"आप्पा, माझ्याशेजारी ही कोण बसलीय, सांगा बरं."

आप्पासाहेबांनी द्वारकाबाईकडं बघितलं. नजर तिच्या कुंकवावरून, बांगड्यांवरून फिरली, कुठंच थांबली नाय. सोमनाथनं तोंड उघडलं तसं बद्रीनाथनं बोट वर करून त्याला गप्प केलं.

द्वारकाबाईनं सोमनाथच्या हातातले मोजे बघितले. दुसऱ्या टोकाला बसलेला मुंजाबा बघितला. मघाशी आल्याआल्या सासऱ्यांनी गुडघ्याचं विचारलं, ते मुंजाबा आत जाऊन बोलल्यावरच. सणाला विचारलं, तेही तसंच. बाई संसारात मुरलेली. तिला फार वेळ लागला नाय. नवऱ्याच्या विरोधात ती कधी चारचौघांत बोलली नव्हती. ती उठली, डोक्यावर पदर घेतला.

"मामंजी, तुमची थोरली सून द्वारका. तुम्ही अजून भाकरी घेतली नाय, वाढू का?"

"वाढ, द्वारका," आप्पासाहेब म्हणाले, आणि त्यांचे खांदे सैल पडले. "तुझ्या हातची अर्धीच दे. पोट भरतंय."

बद्रीनाथनं बायकोकडं बघितलं. तिनं नजर चुकवली नाय. टेबलाभोवती त्याच्या बाजूचं आता कुणी उरलं नव्हतं. लेकीनंही चमचा खाली ठेवला होता. तिलाही कळलं होतं, आणि आपण कुणाला खुर्चीत बसवून ठेवलंय तेही कळलं होतं.

"आणि मी?" बद्रीनाथ म्हणाला. आवाज मॅनेजरचा नव्हता राहिला. "मी कोण, आप्पा?"

आप्पासाहेबांनी त्याच्याकडं बघितलं. नीट, आदरानं, जसं ते आयुष्यभर पाव्हण्यांकडं बघत आले तसं. मग मुंजाबाला शोधत म्हणाले,

"मुंजाबा, हे पाव्हणे कवाचे बोलतायत, जेवंना गेलेत. वाढ त्यांना. आपल्या घरून कुणी उपाशी गेलं नाय पायजे."

बद्रीनाथ जिंकला. जे दाखवायचं होतं ते सगळ्यांसमोर दाखवलं. तो उठला आणि बाहेर गेला.

सगळ्यांना वाटलं, गाडी काढायला गेला. मुंजाबा उठला. सोमनाथनं मोजे काढून त्याच्या हातात दिले, डाग पडलेले. मुंजाबानं ते तसेच चढवले आणि दाराकडं गेला. तिथं जाऊन उभा राहिला, रोज राहायचा तसा.

बद्रीनाथ पोर्चमध्ये खांबाला टेकून उभा होता. गाडीची किल्ली हातात, पण गाडीकडं पाठ. त्यानं विचारलं, कवापासून. मुंजाबा म्हणाला, लई दिवस झाले, दादा, डॉक्टर म्हणतो ह्या घरातनं हलवलं तर हाय ते बी जाईल. बद्रीनाथनं विचारलं, मग मला का नाय सांगितलं. मुंजाबा म्हणाला, साहेबांनी नको म्हणलं होतं, तुमाला लागल म्हणून.

त्याला लागलंच होतं. त्या एका वाक्यातून बापानं किती लांबून त्याला जपलं होतं, ते त्याला आता कळलं, आणि ते जपणं ज्यानं रोज, प्रत्येक घासाला, वाकून वाकून पार पाडलं तो माणूस समोर मोजे घालून उभा होता. वर्षानुवर्षं बद्रीनाथनं ह्या माणसाकडं दाराच्या चौकटीसारखं बघितलं. चौकटीवर घर उभं असतं, हे कारखान्यातल्या माणसाला कळायला हवं होतं.

त्यानं डोळे पुसले, बॅगेचा विचार सोडला, किल्ली खिशात घातली आणि दारासमोर येऊन उभा राहिला.

"मुंजाबाकाका, माझं नाव आत सांगा."

"कोण आलंय म्हणून सांगू?" मुंजाबानं विचारलं, कारण तो कायदा होता.

"बद्रीनाथ. आप्पांचा थोरला."

मुंजाबा आत गेला. बद्रीनाथ उंबऱ्याच्या बाहेर थांबला, हात पुढं बांधून, पहिल्यांदा कुणाच्या घरी आल्यासारखा. मुंजाबा आप्पासाहेबांच्या उजव्या खांद्यामागं वाकला.

"साहेब, बद्रीनाथदादा आलेत. तुमचे थोरले."

आप्पासाहेबांनी मान वर केली, दाराकडं बघितलं आणि त्यांचं तोंड उजळलं.

"ये, ये. लई दिसांनी वाट चुकलास. जेवलास का, बाबा?"

द्वारकाबाईनं त्याचं उष्टं ताट गपचूप उचलून नवीन मांडलं होतं. बद्रीनाथ बापाशेजारच्या खुर्चीत बसला.

"नाय, आप्पा," तो म्हणाला. "भूक लागलीय."

मुंजाबानं खलियाचं भांडं घेतलं आणि डाव्या बाजूनं पुढं झाला. एक थेंब सांडला नाय.

"बद्रीनाथदादांना वाढू का, साहेब?"

"विचारतूस काय," आप्पासाहेब म्हणाले. "लेक हाय माझा."